बहिर्जी नाईकांची तीन रात्रींची वाट

आपल्या रामोशी समाजात बहिर्जी नाईकांचे नाव ठाऊक नाही असे घर शोधू गेल्यास सापडावयाचे नाही. फकीर, वासुदेव, गोंधळी, भिकारी, तांडेवाला अशी नाना सोंगे त्यांनी घेतली. विजापूरच्या दरबारात जाऊन ते परत आले. वेष बदलून दरबारी उभे राहिले तर छत्रपती शिवाजी महाराजांवाचून त्यांना कोणी ओळखीत नसे. पक्ष्यांच्या बोलीत ते आपल्या माणसांशी बोलत. अशा कथा आम्ही बालपणी ऐकल्या आणि पुढे शिक्षक झाल्यावर मुलांना सांगितल्याही. मुलांना गोष्ट हवी असते, आणि गोष्टीवाचून इतिहासाचा तास पुढे सरकत नाही, हे खडू हाती धरलेला प्रत्येक शिक्षक जाणतो. परंतु एके वर्षी मागच्या बाकावरील एका चिरंजीवाने उभे राहून विचारले, "गुरुजी, त्यांना कोणी ओळखतच नव्हते, तर हे सारे लिहून ठेवले कोणी?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

गुप्तहेराच्या इतिहासाची अडचण नेमकी हीच आहे. ज्याचे काम उत्तम झाले त्याचा माग राहत नाही. ज्याचा माग राहिला तो पकडला गेलेला असतो. त्यामुळे थोर हेराविषयी कागद थोडे आणि कथा फार अशी स्थिती जगात सर्वत्र आढळते. कथांस आमचा विरोध नाही. मात्र स्मरणिका ही समाजाने लिहून ठेवावयाची वस्तू आहे. ती नातवंडांच्या हाती जावयाची. तेव्हा तीत बहिर्जी नाईकांविषयी जे लिहावयाचे ते परक्या माणसाने तपासले तरी टिकणारे असावे, अशा बुद्धीने आम्ही हा लेख लिहीत आहो. आणि आनंदाची गोष्ट अशी की, जे टिकते ते कथांहून उणे नाही. त्यातील सर्वांत मोठा प्रसंग तर आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, संगमनेर आणि अकोले या दोन तालुक्यांच्या भूमीवर घडलेला आहे.

मुख्य आधार कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीचा. सभासद हे महाराजांच्या पदरी असलेले गृहस्थ. महाराजांच्या निधनानंतर पंधरा-सतरा वर्षांनी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी जिंजी येथे ही बखर लिहिली. पुढे शंभर-दीडशे वर्षांनी लिहिलेल्या बखरींत जो पाल्हाळ आढळतो तो हिच्यात फारसा नाही. या बखरीत बहिर्जी जाधव नाईक, जासूद, हे विशेषेकरून दोन प्रसंगी आपल्यापुढे येतात: एक सुरतेचा आणि दुसरा जालन्याहून परतण्याचा. दोन्ही ठिकाणी सोंगांचा उल्लेख नाही. पहिल्या ठिकाणी ते बातमी आणतात, दुसऱ्या ठिकाणी ते वाट दाखवितात. हेराचे खरे काम या दोहोंतच सामावलेले आहे.

सुरतेचा प्रसंग सर्वांना परिचित असल्याने त्यावर फार वेळ घालवीत नाही. एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी पुण्याच्या लाल महालात शिरून शाइस्तेखानाची बोटे छाटली. परंतु त्याच्या तीन वर्षांच्या तळामुळे मुलूख उजाड झाला होता आणि खजिन्यास ओढ लागली होती. अशा वेळी सुरत मारल्यास अगणित द्रव्य मिळेल, ही बातमी बहिर्जींनी आणली असे सभासद सांगतो. आता सुरत श्रीमंत आहे हे कळावयास हेर कशाला हवा? ते तर जहाजावरील खलाशासही ठाऊक होते. हेराने सांगावयाचे ते निराळे: शहरास धड तट नाही, वीरजी व्होरा आणि हाजी सय्यद बेग यांच्यासारख्या धनिकांचे वाडे अमुक भागात आहेत, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार सरकारातून उचलतो, पण ते शिपाई कागदावर आहेत, चौकीवर नाहीत. बहिर्जींच्या बातमीत काय काय होते हे बखरकार विस्ताराने सांगत नाही. परंतु पुढे स्वारीत जे घडले त्यावरून ही माहिती महाराजांना होती असे मानावे लागते. नाशिक-त्र्यंबककडे जाण्याची हूल देऊन फौज एकाएकी ६ जानेवारी १६६४ रोजी सुरतेपुढे उभी राहिली, तेव्हा इनायतखान शहर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. तेथून त्याने तहाच्या बोलण्याचे निमित्त करून एक तरुण पाठविला आणि त्या तरुणाने महाराजांवर खंजीर उगारला. पहारेकऱ्याने त्याचा हात तेथल्या तेथे कलम केला. चार दिवसांत काम आटोपून, मोगली कुमक येण्यापूर्वी फौज परतलीही. या स्वारीनंतर औरंगजेबाने सुरतेस पक्का तट घालविला, यातच पूर्वीच्या गलथानपणाची कबुली आहे.

आता दुसऱ्या प्रसंगाकडे येतो. आमच्या मते बहिर्जी नाईकांची खरी योग्यता येथे दिसते. सुरतेस जाताना पुढाकार आपला होता, वेळ आपली होती. जालन्याहून परतताना यातील काहीच आपल्या हाती नव्हते.

साल १६७९, महिना नोव्हेंबर. महाराजांचे वय एकोणपन्नास. दिलेरखानाने विजापुरावर चाल केली होती आणि विजापूरचा कारभारी सिद्दी मसूद याने महाराजांकडे साहाय्य मागितले होते. घराची स्थितीही नाजूक होती. युवराज संभाजीराजे आदल्या वर्षाच्या अखेरीस दिलेरखानाकडे गेले होते. ते पन्हाळ्यास परतले ते या १६७९ सालच्या शेवटी. दिलेरखानाचा जोर विजापुरावरून ढळावा म्हणून महाराज घोडदळ घेऊन मोगली मुलखात शिरले. औरंगाबादेच्या पूर्वेस असलेली जालन्याची भरलेली पेठ त्यांनी चार दिवस लुटली. औरंगाबाद ही दक्षिणेच्या मोगली सुभ्याची राजधानी. तिच्यापासून दोन मजलांवर ही लूट चालली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे पुढे पाठलाग किती निकराचा झाला ते समजेल.

परतीच्या वाटेवर रणमस्तखान पाठीशी लागला. हा पठाण सरदार सामान्य नव्हता. पुढे १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांच्या काळी कल्याणकडे मोगलांची जी मोहीम झाली तीतही याच खानाने मराठ्यांना जेरीस आणले. लुटीने जड झालेल्या आणि परतीस लागलेल्या फौजेवर पाठीमागून तुटून पडणे, ही त्याची चाल शास्त्रशुद्धच म्हणावी लागेल. ही लढाई संगमनेरच्या परिसरात झाली असे इतिहासकार मानतात. तीन दिवस झुंज चालली. पंचहजारी सरदार सिधोजी निंबाळकर मागील फळी सांभाळीत लढता लढता पडले. पुष्कळ माणूस कामी आले. सिधोजींचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. बहिर्जींची वाट पुढे निघाली ती सिधोजींनी खानाला तीन दिवस रोखून धरले म्हणूनच, हे विसरू नये.

तशात औरंगाबादेहून ताज्या दमाची मोगली फौज येऊन पोहोचली. ती तीन कोसांवर असता तिच्यातील केसरसिंग नावाच्या रजपूत सरदाराने भाऊपणा स्मरून महाराजांना गुप्त निरोप धाडला: आम्ही येऊन मिळालो की तुम्ही घेरले जाल, तत्पूर्वी निघून जा. हा निरोप सभासदाने नोंदविला आहे. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. शत्रूच्या गोटातून असा निरोप आला तर तो खरा मानावा की खोटा? खरा न मानावा तर घेरले जाण्याचे भय. खरा मानून रात्रीच निघावे, तर पुढच्या खिंडीत सापळा लावलेला नसेल कशावरून? हेरखात्याच्या नायकाची परीक्षा अशा घडीस होते. विचार करावयास रात्रच तेवढी हाती होती, आणि खुद्द महाराज फौजेत होते.

बहिर्जी नाईकांनी त्या वेळी महाराजांना सुखरूप नेण्याचे वचन दिले आणि आडवाटेने, तीन दिवस तीन रात्री मजल मारून, फौज पट्टा किल्ल्यास पोहोचविली, एवढेच बखर सांगते. सभासदाने यावर दोन-तीन ओळींहून अधिक शाई खर्च केलेली नाही. त्या ओळींचा अर्थ मात्र नकाशा पुढे घेतल्याशिवाय कळत नाही, आणि तो आम्हांस उशिराच उमगला.

पट्टा किल्ला अकोले तालुक्याच्या उत्तर सीमेवर, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीस लागून आहे. संगमनेरहून सरळ रेषेने तो पंचवीस-तीस मैलांच्या आत भरतो. दौड मारणाऱ्या मराठी स्वारास हे अंतर एका दिवसाचे. फार तर जखमी व थकली जनावरे धरून दीड दिवसाचे. मग तीन दिवस आणि तीन रात्री कशास लागल्या? फौज वाट चुकली म्हणावे तर ती सुखरूप पोहोचली कशी? याचा उलगडा एकच संभवतो. नाईकांनी जवळची वाट निवडलीच नाही. जवळची वाट रणमस्तखानासही ठाऊक होती. त्याचेही जासूद होते, त्याच्याही पदरी या मुलखातले वाटाडे असणार. नाईकांनी अशी वाट धरली की जी धरील असे शत्रूच्या मनातच येऊ नये. घाईत असलेला माणूस लांबचा फेरा घेणार नाही असे पाठलाग करणारा नेहमी धरून चालतो, आणि नाईकांनी खानाच्या या समजुतीचाच उपयोग करून घेतला असे आम्हांस वाटते.

हा मुलूख कसा आहे ते सांगितले पाहिजे. आम्ही बेलापूरचे. (बेलापूर म्हटल्यावर बाहेरगावच्या मंडळींना आजकाल नवी मुंबईचे आठवते, आमचे श्रीरामपूर तालुक्यातले, प्रवरेकाठचे.) आज आमच्याकडे पाहावे तिकडे उसाचे मळे दिसतात. ही हिरवळ अलीकडची. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेचे कालवे वाहू लागले, तेव्हापासूनची ती आहे. १६७९ सालच्या नोव्हेंबरात बेलापूरपासून संगमनेरपर्यंतचा हा पट्टा उघडा, जिराईत असणार. अशा मोकळ्या रानात हजारो घोड्यांची धूळ कोसा-दोन कोसांवरून दिसते. लपावयास आडोसा नाही. संगमनेर ओलांडून पश्चिमेस सरकावे तो भूमीचे रूप पालटते. म्हाळुंगी आणि आढळा या दोन नद्या पट्ट्याच्या बाजूच्या डोंगरांतून उतरून संगमनेरच्या आसपास प्रवरेस मिळतात. त्यांची खोरी, मधले डोंगरांचे दांड, ओढे, घळी यांची गुंतागुंत सुरू होते. पुढे पट्टा, औंढा, बितनगड आणि त्यांच्यापलीकडे कळसूबाईची रांग. मैदानात जो हजार स्वारांनिशी वाघ, तो या घळींत दहा माणसांपुढे अडतो. म्हणजे खानाचे बळ मैदानात होते आणि आपले डोंगरात; प्रश्न एवढाच की एकातून दुसऱ्यात जावे कसे.

एक माणूस आडवाटेने जाणे निराळे आणि फौज नेणे निराळे. हजारो जनावरांना दिवसातून दोनदा पाणी हवे. तेव्हा वाट अशी हवी की तिच्यावर पाणी आहे, पण पाणवठ्यावर गाव नाही. गाव असेल तर कुत्री भुंकतात, माणूस जागा होतो आणि सकाळपर्यंत बातमी चावडीवर जाते. वाट घोड्यास चढेल अशी हवी, नाहीतर रात्रीच्या वेळी एक घोडा घसरला की मागील शंभर खोळंबतात. दिवसा विसावा घ्यावयाचा तर धूर दिसू नये, म्हणजे चूल पेटवता येत नाही. या साऱ्या गोष्टी निघण्यापूर्वी ज्याच्या डोक्यात तयार असतात, तोच रात्रीच्या प्रहरी राजाला वचन देऊ शकतो. असे ज्ञान त्या रात्री मिळविता येत नाही. ते आधी वर्षानुवर्षे पायांनी मिळवून ठेवलेले असते. आमचे असेही मत आहे की नाईक या कामी एकटे नसावेत. अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळी बांधवांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची; तेथली घळ न् घळ त्यांच्या पायाखालची. दुसऱ्या समाजाचे श्रेय आपल्या खात्यावर मांडण्याची आपल्याला गरज नाही. ज्याच्यावर विश्वास टाकावा असा माणूस प्रत्येक खोऱ्यात आधीच जोडून ठेवणे, हीच तर हेरखात्याच्या नायकाची कमाई.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात फौज पट्ट्यास पोहोचली. महाराजांनी तेथे काही दिवस विसावा घेतला आणि त्यावरून किल्ल्यास विश्रामगड हे नाव पडले. ही त्यांची अखेरची मोठी स्वारी ठरली. त्यानंतर साडेचार महिन्यांच्या आत, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर त्यांचे देहावसान झाले. साडेचार महिने म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. परंतु युवराज शत्रूच्या छावणीच्या वाटेवरून अद्याप घरी परतावयाचे आहेत आणि राजा संगमनेरच्या मैदानात मोगलांच्या हाती लागतो, ही कल्पना करून पाहावी. स्वराज्याचे काय झाले असते हे सांगावयास ज्योतिषी नको. महाराजांचा अंत रायगडावर, आपल्या माणसांत, आपल्या सिंहासनाजवळ झाला, याचे श्रेय ज्या थोड्या माणसांकडे जाते त्यांत एक बहिर्जी नाईक आहेत.

येथे एका प्रचलित समजुतीचा विचार करणे प्राप्त आहे, कारण आपल्यातील पुष्कळजण दरसाल श्रद्धेने तेथे जातात. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात बाणूरगड म्हणजेच भूपाळगड हा किल्ला आहे. त्यावर बहिर्जी नाईकांची म्हणून समाधी आहे. दिलेरखानाने भूपाळगड घेतला त्या लढाईत नाईकांना वीरमरण आले, असे कोणी सांगतात. तो किल्ला पडला एप्रिल १६७९ मध्ये. जालन्याची स्वारी त्यानंतर सात महिन्यांची. एप्रिलात पडलेला वीर नोव्हेंबरात फौजेस वाट दाखवू शकत नाही. तेव्हा समाधीस वंदन अवश्य करावे, परंतु भूपाळगडच्या लढाईशी तिचा संबंध जोडू नये. आमचे हे म्हणणे काही मंडळींना रुचणार नाही हे आम्ही जाणतो. पण त्यांनीच विचार करावा: नाईकांना सात महिने आधी स्वर्गी धाडून आपण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्यांच्याकडून काढून घेत नाही काय?

नाईक आपल्या समाजाचे काय, असाही प्रश्न चिकित्सक करतात. बखर त्यांना जाधव म्हणते आणि नाईक म्हणते. परंपरा त्यांना रामोशी मानते. कॅप्टन मॅकिन्टॉश नावाच्या इंग्रज अंमलदाराने १८३३ मध्ये रामोशांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात समाजाच्या चव्हाण आणि जाधव या दोन मुख्य शाखा त्याने नोंदविल्या आहेत. हा मॅकिन्टॉश म्हणजे आद्यक्रांतिकारक उमाजी नाईकांच्या पाठलागावर असलेला अधिकारी. उमाजींना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी झाली आणि पुढच्याच वर्षी त्याचे पुस्तक निघाले. आम्हांस मात्र नावाहून कामातील सारखेपणा अधिक बोलका वाटतो.

आपल्या पूर्वजांचे काम काय होते? गावाची आणि गडाची राखण. पुरंदरच्या परिसरात गडाची, इतरत्र गावाची. रात्रभर जागावयाचे, शिवेवर कोण आला, कोण गेला ते ध्यानात ठेवावयाचे. गावात चोरी झाली तर रामोशाने माग काढावयाचा. धुळीतले पाऊल, मोडलेली काडी, दवावर उमटलेली रेघ पाहत तो माग शिवेपर्यंत न्यावयाचा आणि पलीकडच्या गावच्या राखणदाराच्या हवाली करावयाचा. मग पुढची जबाबदारी त्या गावाची. माग शिवेबाहेर काढता आला नाही तर चोरीस गेलेल्या मालाची भरपाई राखणदारास करावी लागे. इतकी कठोर अट ज्या धंद्यात आहे त्यात डोळा तीक्ष्ण झाल्यावाचून कसा राहील? आणि ज्याला दुसऱ्याचा माग काढता येतो, त्याला आपला माग कोठे उमटतो हेही कळते. खडकावरून जावे, ओढ्याच्या पात्रातून जावे, गुरांच्या वाटेवरून जावे म्हणजे खूर खुरांत मिसळतात. संगमनेरहून पट्ट्यापर्यंत हजारो स्वारांनिशी जो गेला आणि खानास सापडला नाही, त्याची विद्या याच शाळेतली होती असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

पुढे काय झाले ते लिहिताना लेखणी जड होते. राज्य गेले, तसे राखणदारीचे हक्क गेले. रात्री हिंडण्याची, वाटा जाणण्याची, आवाज न करता चालण्याची जी विद्या राजाने गौरविली, तीच इंग्रजाच्या दृष्टीने संशयाची खूण ठरली. १८७१ मध्ये त्याने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तरेकडे होता, १९११ च्या कायद्याने तो सर्वत्र लागू करण्याची सोय झाली. या कायद्याखाली जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविण्यात येत. नाव नोंदवावयाचे, बोटांचे ठसे द्यावयाचे, ठरल्या वेळी हजेरी लावावयाची आणि गाव सोडावयाचे तर आधी परवाना घ्यावयाचा! मुंबई इलाख्यात ज्या जमातींवर या कायद्याची छाया पडली त्यांत आपण होतो. म्हणूनच महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत आज रामोशी हे नाव आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशातून गेला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. ज्या समाजातील माणसाने राजाला तीन रात्री परवान्यावाचून डोंगरातून नेले, त्याच समाजास शेजारच्या गावी लग्नास जावयास परवाना लागावा, हे वाचून तरुण मंडळींना खरे वाटत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीस ते सांगावे लागत नव्हते.

आपल्या संघाची वार्षिक सहल नेहमी देवदर्शनास जाते. एका वर्षी ती पट्ट्यास न्यावी, अशी सूचना आम्ही येथे करीत आहो. श्रीरामपूर-बेलापूरकडच्या मंडळींनी संगमनेर, अकोले, समशेरपूर या मार्गाने पायथ्याच्या पट्टेवाडीस जावे. तेथून गड फार अवघड नाही, साठी उलटलेल्या माणसालाही काठी घेऊन चढता येतो. वाटेत दोन्ही बाजूंच्या पठारांवर पवनचक्क्या फिरताना दिसतील. वर पट्टाई देवीचे मंदिर आहे, अंबरखान्याची जुनी इमारत आहे, पाण्याची टाकी आहेत. मुलांना तेथे नाईकांची गोष्ट सांगावयाची असेल तर ती पूर्वेच्या कडेवर बसून सांगावी. तेथून आढळा व म्हाळुंगीच्या खोऱ्यांकडचा उतार दिसतो, आणि त्याच दिशेस, क्षितिजाच्या अलीकडे, संगमनेर आहे.